पाडव्याचे आकडे

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला, कारण पेढ्याशी माझं काही भांडण नव्हतं. भांडण होतं ते भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सरळ वर चढत गेलेल्या आलेखाशी, आणि ते मी अजून कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आधी ऑफिसचं सांगते. सोलापुरात विजापूर रस्त्याला एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. माणसं मोजकी, एसी एकच, आणि जिन्यात कायम औषधांचा वास. तिथं मी अ‍ॅपच्या स्क्रीन आखते. बटण कुठं असावं, त्यावर काय लिहावं, कशानंतर काय यावं, हे ठरवते. आणि आखलेलं माणसांना खरोखर वापरता येतंय की नाही, ते मोजते. हे दुसरं काम लोकांच्या गळी उतरत नाही. नात्यातल्या एका काकांनी लग्नाच्या पंगतीत मला विचारलं होतं, "म्हणजे लोक मोबाईल कसा बघतात, ते दिवसभर बघत बसायचं? हे तर आम्ही घरी फुकट करतो की." मी त्यांच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली आणि विषय संपवला.

पुण्यात मी काही वर्षं हेच काम केलं. आई निवृत्त झाली, तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी सोलापूरला परत आले. निरोपाच्या चहाच्या वेळी तिथल्या एका सहकाऱ्यानं हळहळून म्हटलं होतं, "अगं, पण तिकडं असलं काम कुठं असतं?" तो चांगुलपणानं बोलला, हे मला कळत होतं. तरीही ते वाक्य मी जे मनात धरलं ते धरलंच. माझा स्वभाव तसा आहे. कुणी आमच्या गावाला कमी लेखलं की मी दोन दिवस नीट जेवत नाही.

तर अ‍ॅप होतं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं. शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना. मालकांच्या आजोबांचा हातमाग होता, वडिलांचे यंत्रमाग, आणि यांनी शिलाई मशिनांचा मोठा हॉल उभा केला. भावाशी तेलुगूत भांडायचे आणि आमच्याशी सोलापुरी मराठीत. त्यांचा माल जिल्हाभर जायचा, करमाळ्यापासून मैंदर्गीपर्यंतच्या लहान लहान दुकानांत. ही दुकानं फोनवरून ऑर्डर द्यायची. कारखान्यात त्यासाठी दोन बायका सकाळपासून फोनला चिकटलेल्या असायच्या, आणि मे महिना लागला की फोन लागता लागायचा नाही. म्हणून मालकांनी आमच्याकडून अ‍ॅप करून घेतलं. दुकानदारानं मोबाईलवर ऑर्डर टाकायची, कारखान्यानं माल पाठवायचा.

अ‍ॅप सुरू झालं पाडव्याला. मालकांनी सगळ्या दुकानदारांना निरोप दिला होता की शुभ दिवस आहे, आजपासून मोबाईलवर ऑर्डर टाका. आणि त्यांनी टाकल्या. दुपारपर्यंत ऑर्डरींची रीघ लागली. ज्यांनी अ‍ॅप उघडलं त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकानं ऑर्डर पूर्ण केली होती, तीसुद्धा मिनिटभराच्या आत. असे आकडे मी पुण्यातही पाहिले नव्हते.

आमचे सर, म्हणजे कंपनीचे प्रमुख, माझ्याहून थोडे मोठे, मनानं फार चांगले. पण आलेख चढताना दिसला की त्यांना खुर्चीत बसवत नाही. त्यांनीच पेढे आणवले. त्यांनीच मालकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मालक पलीकडून खूश होऊन म्हणाले, "मग आता दोन्ही कशाला चालवायचं? एक मेपासून फोन बंद. सगळं अ‍ॅपवर."

ऑफिसात टाळ्या झाल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही.

गणवेशाच्या दुकानाचं वर्ष म्हणजे काय असतं, हे सांगायला हवं. शाळा उघडायच्या आधीचे आणि नंतरचे थोडे दिवस, एवढंच त्यांचं वर्ष. त्या दिवसांत दुकानात माल असला तर वर्ष तरलं. नसला तर आईबाप पोराला घेऊन एसटीनं अक्कलकोटला किंवा सोलापूरला जातात, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही तिकडंच जातं. मे महिन्यात फोन बंद झाला आणि अ‍ॅपवर ऑर्डर जमली नाही, तर खेड्यातल्या कित्येक दुकानांची फळी जूनमध्ये रिकामी राहणार होती. कारखान्याला दुसरी दुकानं मिळाली असती. त्या दुकानांना दुसरा जून मिळाला नसता.

पण जमली नाही, असं का म्हणायचं? आकडे तर सांगत होते की सगळ्यांना जमलं. म्हणून पेढा संपवून, हात पुसून, मी त्या दिवशी आलेली एकेक ऑर्डर उघडून पाहिली. पहिल्या दुकानानं मागवली होती एक टाय. दुसऱ्यानं एक टाय. तिसऱ्यानं एक टाय. एका हौशी दुकानदारानं अकरा टाय मागवल्या होत्या, एवढाच काय तो बदल. टाय का, तर अ‍ॅप उघडल्यावर पहिलं चित्र टायचं होतं आणि त्याखाली ऑर्डरचं बटण.

मी एकटीच हसायला लागले. माझ्या मामांचं करमाळ्याला कापडाचं दुकान होतं. लहानपणी पाडव्याला आम्ही तिथं असलो की सकाळी पूजा व्हायची, गुढीला नैवेद्य दाखवायचे, आणि मग मामा गादीवर बसून वर्षाचं पहिलं बिल फाडायचे. ते बिल असायचं एका रुमालाचं. गिऱ्हाईक असायचे माझे वडील. ते खिशातून पैसे काढून द्यायचे, रुमाल घ्यायचे, मामा हळदकुंकू वाहायचे, आणि संध्याकाळी तोच रुमाल माझ्या नाकाला लागलेला असायचा. तो व्यवहार नव्हता, मुहूर्त होता. आणि आमच्या जिल्ह्यातल्या यच्चयावत दुकानदारांनी नव्या अ‍ॅपचाही मुहूर्तच केला होता. कुणाला टाय हवी नव्हती. निम्म्या गावांतल्या शाळांत टाय घालतच नाहीत.

म्हणजे आमच्या आलेखानं जे मोजलं होतं, ती पूजा होती.

दोन दिवसांनी कारखान्यात बैठक झाली. सरांनी स्लाइड दाखवल्या, मालकांनी मान डोलावली, आणि मग मी म्हटलं, "हे आकडे धरू नका."

"का?" मालक म्हणाले. "आकडा चांगला आलाय तर तुमच्या पोटात का दुखालंय मॅडम?"

मी टायची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले, पण पटलेलं दिसेना. "टाय मागवली काय आणि शर्ट मागवला काय, मोबाईल चालवता आला म्हणजे झालं की."

"नव्या घरात शिरताना तुम्ही दूध उतू घातलं असेल," मी म्हटलं.

"घातलं की. गेल्याच साली."

"मग त्यावरून वहिनींचा स्वयंपाक कसा होतो, ते ठरवलंत का?"

मालक मोठ्यानं हसले. सर हसले नाहीत. बैठकीत कंपनीच्या प्रमुखानं मांडलेले आकडे त्याच्याच माणसानं खोडायचे, हे त्यांना लागलं होतं, आणि ते मला समजतही होतं. पण मे महिना तोंडावर आला होता. मालकांनी हसणं थांबवून विचारलं, "मग खरा आकडा कुठला?"

"अजून आपल्याकडं नाही. एप्रिल संपायच्या आत आणून देते. तोवर फोन बंद करायचं जाहीर करू नका."

"आणा," ते म्हणाले. "पण वाईट आला तरी मलाच दाखवायचा. आधी सारवासारव करायची न्हाय."

परतताना गाडीत सरांनी आधी काचा वर केल्या. मग म्हणाले, "तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?" मी म्हटलं, "जूनमध्ये हा आकडा खोटा ठरला ना सर, तर शिव्या खायला आपण दोघं एकाच बाजूला उभे असू." त्यांनी गाडीचा रेडिओ लावला. याचा अर्थ त्यांनी परवानगी दिली.

मोजायचं काय, हे ठरवणं हाच माझ्या धंद्यातला खरा डोक्याचा भाग. किती जणांनी अ‍ॅप घेतलं, कितीदा उघडलं, किती वेळ त्यात घालवला, हे सगळं आपोआप मोजून मिळतं, आणि जे आपोआप मिळतं त्यावर लोक लगेच भाळतात. माणूस अ‍ॅपमध्ये खूप वेळ होता, म्हणजे रमला होता की अडकला होता? आकडा दोन्हीला सारखाच. मी ठरवलं, दुकानदारांच्या शेजारी जाऊन बसायचं. प्रत्येकाला त्याची स्वतःची गेल्या जूनची ऑर्डर अ‍ॅपवर टाकायला सांगायची. मदत अजिबात करायची नाही. आणि पाहायचं की ऑर्डर गेली का, जशी हवी तशीच गेली का, आणि पाठवल्यावर माणूस निर्धास्त होऊन फोन खाली ठेवतो, की घाबरून कारखान्याला विचारतो.

पहिलं दुकान मी मुद्दाम लांबचं निवडलं. मैंदर्गीचं. अक्कलकोटला एसटी बदलून गेले. बाजारपेठेत एक अरुंद दुकान, पुढं फळी, आत छतापर्यंत गणवेशाचे गठ्ठे. दुकान चालवणाऱ्या मावशी पन्नाशीच्या पुढच्या. नवरा वारल्यावर त्यांनी एकटीनं दुकान धरलं होतं. गिऱ्हाइकाशी कानडीत, माझ्याशी मराठीत, आणि मोबाईलशी दोन्हीत बोलायच्या.

"बसा की अक्का," त्या म्हणाल्या. "च्या टाकते. मग बघू तुमचं ते."

चहा झाला. त्यांनी चष्मा लावला आणि अ‍ॅप उघडलं. मी शेजारी स्टुलावर बसले, मोबाईलवरचं घड्याळ सुरू केलं आणि तोंड मिटलं. तोंड मिटून बसणं ही माझ्यासाठी केवढी शिक्षा आहे, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. मावशींनी शर्टाचं चित्र शोधलं. साईज शोधला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हितंच दाबायचं न्हवं?"

मी नुसती हसले.

"तुमी बोलत का न्हाय?"

"तुम्हाला वाटतं तसं करा मावशी. मला सांगायला बंदी आहे."

"म्हंजे परीक्षा घ्यायला आलाव व्हय माझी?" त्यांचा चेहरा पडला.

"तुमची नाही हो. आमची घेतेय. चुकलं तर आमचे मार्क जाणार."

हे त्यांना बरं वाटलं. पुन्हा चष्मा सारखा करून त्या कामाला लागल्या. तीस शर्ट, मग हाफ पँट, मग मुलींचे फ्रॉक. मधे गिऱ्हाईक आलं, ते कानडीत मिटवून परत मोबाईलकडं. घड्याळ चालू होतं. शेवटी त्यांनी हिरवं बटण दाबलं, स्क्रीनवर मोठी बरोबरची खूण आली, "ऑर्डर पूर्ण झाली" असं आलं, आणि मावशी समाधानानं हसल्या.

मी ऑर्डर पाहिली. तीस शर्ट नव्हते त्यात. तीस डझन होते. कारखाना डझनात विचार करतो, म्हणून आकड्याच्या चौकटीशेजारी बारीक अक्षरात डझन लिहिलेलं होतं. मावशी नगात विचार करत होत्या. मैंदर्गीतल्या एका पोराला जवळजवळ वर्षभर रोज नवा शर्ट घालता आला असता. आणि आमच्या अ‍ॅपच्या लेखी ही ऑर्डर यशस्वी होती. आलेख आणखी एक पायरी चढला असता.

त्यात आणखी एक गंमत. बटण दाबून झाल्यावर मावशींनी लगेच कारखान्याला फोन लावला. "मोबाईलात टाकलंय बघा. मिळालं का? तरी लिहून घ्या परत." मी गप्पच होते. कारखान्यातल्या बाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ऑर्डर खरोखर गेली नाही. पण हा फोन बघून मला माझा आकडा सापडला. अ‍ॅपवर टाकलेली ऑर्डर बरोबर असायला हवी, आणि तिच्यामागून फोन येता कामा नये. ही दोन्ही झाली तरच ती एक धरायची. बाकी सगळं शून्य.

निघताना मी विचारलं, "मावशी, अ‍ॅपला पाचातले किती तारे द्याल?"

"पाच की. लई चांगलं हाय. तुमी एवढ्या लांबनं आलाव."

नंतर सगळीकडं तसंच झालं. ज्याची ऑर्डर जास्त चुकलेली, त्यानं पाच तारे जास्त प्रेमानं दिले. आमच्याकडं घरी आलेल्या माणसाच्या तोंडावर त्याचं काम वाईट आहे, असं कोणी म्हणत नाही. चहा पाजतात आणि चांगलं म्हणतात. तेव्हापासून तारे मी मोजत नाही.

अक्कलकोट झालं, बार्शी झालं, करमाळा झालं. करमाळ्याला सरांनी सोबत यायचा हट्ट धरला. मी त्यांना बजावलं होतं, काही सांगायचं नाही. ते कसेबसे पाच मिनिटं गप्प बसले. मग दुकानदाराचं बोट भलत्याच बटणाकडं जाताना बघून त्यांच्या तोंडून निघालंच, "ते नको, खालचं, खालचं." मी त्यांच्या देखत ती सगळी मोजणी खोडली. सर म्हणाले, "एवढं काय त्यात?" मी म्हटलं, "जूनमध्ये प्रत्येक दुकानात तुम्ही जाऊन बसणार आहात का?" त्यांनी पुढच्या दुकानात स्वतःच बाहेर थांबून उसाचा रस घेतला. तिथून पुढं मात्र ते बदलले, हे मी कबूल करते. त्यांनी बाहेरून काचेतून त्या दुकानदाराचा चेहरा पाहिला होता. आपण केलेल्या वस्तूपुढं एक जाणता, पोक्त माणूस कसा बावरतो, ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

एप्रिल संपायच्या आत मी आकडा नेऊन दिला. निम्म्याहून कमी ऑर्डरी बरोबर होत्या, आणि बरोबर आलेल्यांतही जवळजवळ प्रत्येकानं मागाहून फोन केला होता. म्हणजे माझ्या मोजणीनं अ‍ॅपचं यश कागदाच्या जेमतेम कोपऱ्यात मावेल एवढं. आलेख वगैरे मी काढलाच नाही. मालकांना मी फक्त मैंदर्गीच्या ऑर्डरीचा कागद दिला आणि म्हटलं, "असा माल गेला असता."

त्यांनी तो वाचला. डझनांवर बोट ठेवून मनातल्या मनात गठ्ठे मोजले असावेत. "ह्या बाईचं दुकान मी पाहिलंय," ते म्हणाले. "हा माल उतरवला तर बाईला रस्त्यावर बसावं लागेल." त्यांनी कागदाची घडी घातली. मग, "आणि परत पाठवून दुसरा येईस्तोवर शाळा सुरू झालेली."

"हो."

"फोन राहू द्या," ते म्हणाले. "ह्या सीझनला राहू द्या. तुमचा आकडा नीट झाला की सांगा."

मला त्या वेळी जे वाटलं त्याला अभिमान हाच शब्द आहे, आणि मी तो लपवत नाही. आकड्यांपुढं सगळे वाकतात, हे मी पुण्यात बघितलं होतं. आकडा खरा आहे का, हे विचारून घेऊन मग वाकणारा माणूस मी चिंचोळीत पाहिला. आणि त्याला ते विचारायला लावलं होतं मी, विजापूर रस्त्यावरच्या मेडिकलवरच्या ऑफिसातून. त्या दिवशी घरी जाताना मी आईसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली आणि तिला सगळं सांगितलं. आई गणिताची शिक्षिका होती. ती म्हणाली, "उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर मी अर्धे मार्क देत असे. तू तर शून्यच दिलंस." तिला माझं कौतुक वाटत होतं, पण ती ते असंच बोलते.

मग अ‍ॅप पुन्हा आखलं. आकडा नगात घेतला. गेल्या वर्षीची ऑर्डर समोर तयार ठेवली, तीत फक्त कमीजास्त करायचं. पाठवण्याआधी "एकूण इतके शर्ट, इतक्या पँट" असं मोठ्या अक्षरात, पूर्ण वाक्यात. आणि पाठवल्यावर नुसती खूण नाही. कारखान्यात माल बांधायला घेतला की निरोप, गाडी निघाली की निरोप. कारण लोक फोन करत होते ते मोबाईल कळत नाही म्हणून नाही. पलीकडं कोणी ऐकलंय का, हे त्यांना कळत नव्हतं. प्रत्येक बदलानंतर मी पुन्हा बाहेर पडले, नव्या दुकानांत, तोच नियम, तेच स्टूल, तोच बंद तोंडाचा जाच. आकडा हळूहळू वर आला. एकदा खालीही गेला, कारण मी हौसेनं एक सुंदर चित्र घातलं होतं आणि त्यात बटण हरवलं. चित्र काढून टाकलं. आवडलं होतं मला, पण मोजणीपुढं माझ्या आवडीचा काय संबंध?

यंदाच्या पाडव्याला दुकानदारांनी पुन्हा एकेक टाय मागवली. सवय. त्या दिवशी मालकांनी स्वतः मला फोन करून विचारलं, "मुहूर्ताच्या धरल्या न्हाईत न्हवं?" धरल्या नव्हत्या. त्या दिवसाच्या ऑर्डरी आम्ही आता वेगळ्याच ठेवतो. सर ही गोष्ट हल्ली बाहेरच्या लोकांना इतक्या रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, टायची ऑर्डर पहिल्यांदा त्यांनीच उघडून पाहिली. मी सांगू देते. पुण्याच्या त्या सहकाऱ्यानंही एकदा फोन करून विचारलं, तुमच्याकडं हे कसं मोजता, आमच्या मुलांना समजावशील का? समजावलं. कामापुरतं बोलले आणि मग फोन ठेवून ऑफिसात एक चक्कर मारली.

आणि मे महिना आला. आता मालकांनी ठरवलं होतं की या वेळी आकडा टिकला, तर जूनपासून फोन खरोखर बंद. माझा आकडा बरा होता. पण आकडा बरा असणं म्हणजे मैंदर्गीच्या मावशींच्या दुकानात माल असणं नव्हे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची ऑर्डर आलेली नव्हती. दुसऱ्या सगळ्या येत होत्या आणि मी रोज उठून एकच नाव शोधत होते. हे मोजणीच्या शिस्तीत बसत नाही. एका दुकानावरून काही सिद्ध होत नसतं. पण मी शोधत होते.

एका सकाळी मी कारखान्यातच होते, फोनवर बसणाऱ्या त्या दोघींजवळ. स्क्रीनवर ऑर्डर आली. मैंदर्गी. मी जवळ सरकून वाचली. शर्ट नगात, हाफ पँट, फ्रॉक, सगळे साईज शहाण्यासारखे. गेल्या वर्षीपेक्षा थोडे जास्तच. फोनवरच्या बाईंनी सवयीनं रिसीव्हरवर हात ठेवला. "आता लावतीलच बघा," त्या म्हणाल्या. "मावशी लिहून घ्या म्हटल्याशिवाय ऐकत न्हाईत."

आम्ही तिघी थांबलो. दुसरे फोन वाजले, करमाळ्याचा एक, कुणाचा चुकून लागलेला एक. मैंदर्गीचा आला नाही. चहा आला, पिऊन झाला. खाली माल बांधायला घेतला, तसा निरोप मावशींच्या मोबाईलवर गेला. फोन नाही. बाईंनी रिसीव्हरवरचा हात काढून घेतला आणि नखांकडं बघत बसल्या.

मला राहवेना. शेजारी बसून गप्प राहायचा नियम होता, फोन करू नये असा नियम कुठं होता? मी माझ्या मोबाईलवरून मैंदर्गीला लावला. बराच वेळ वाजून उचलला. मागून दुकानातला गलका ऐकू येत होता, कानडीत कुणीतरी साईज मागत होतं.

"मावशी, मी बोलतेय. सोलापूरहून. ऑर्डरीचं विचारायला..."

"कोण, अक्का व्हय?" त्या घाईनं म्हणाल्या. "माल उद्या निघतोय म्हणून दाखवालंय की मोबाईलात. त्यात काय इचारायचं? दुकानात गिऱ्हाईक हाय लई. ठेवा आता."

आणि त्यांनी फोन ठेवला. मी कानाला तो बंद मोबाईल धरून तशीच बसले. समोरच्या बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, "काही नाही. त्यांना आपल्याशी बोलायला वेळ नाही." आणि मला इतकं भरून आलं की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.